सुगंधामावशीचा हौद

सुगंधामावशीला माणूस भेटला की ती आधी त्याची उंची बघायची, मग पोटाचा घेर, आणि सगळ्यात शेवटी तोंड. तोंडापर्यंत नजर पोचली की आमच्या ख्रिस्ती रिवाजाने "सलाम" म्हणायची. नवखा माणूस गोंधळून जाई. एकदा नागपूरहून आलेल्या एका वजनदार पाहुण्या पाळकांना तिने चर्चच्या दारातच असं न्याहाळलं आणि म्हणाली, "तुमाले आमचा झगा नाई पुरत, सायेब." त्या गृहस्थांचा बाप्तिस्मा कैक वर्षांपूर्वी झालेला होता, तरीही ते उपासना संपेपर्यंत जरा अंग चोरूनच बसले होते.

हे झगे बाप्तिस्म्याचे. दिग्रसहून पुसदकडे निघालं की वाटेत आमचं लहानसं गाव लागतं, आणि त्या गावात आमची बाप्तिस्त पंथाची मंडळी आहे. आमच्यात तान्ह्या बाळाच्या डोक्यावर चार थेंब शिंपडून भागत नाही. माणसाने जाणतं व्हायचं, आपण होऊन मागणी करायची, मग पाण्यात उतरायचं आणि पाळकाच्या हातावर पाठीमागे रेलायचं. जुना माणूस पुरला, नवा उठला, असा त्याचा अर्थ. त्यासाठी अख्खा माणूस एकदा पाण्याखाली गेला पाहिजे. चर्चमध्ये व्यासपीठाच्या फळ्यांखाली एक दगडी हौद आहे. एरवी त्याच फळ्यांवर उभे राहून पाळक उपदेश करतात आणि बाप्तिस्म्याच्या रविवारी फळ्या काढून आत पाणी भरतात.

मावशीला मंडळीत पद असं काही नव्हतं. ती हौदावरची होती, एवढंच. हौद काथ्याने घासणं, भरणं, झगे शिवणं आणि धुणं हे तिच्याकडे. पाण्यात उतरलं की झगा फुगून वर येतो आणि बायकांची पंचाईत होते. मावशीचा नवरा कापसाच्या जिनिंग कारखान्यात फिटर होता. त्याच्याकडून नट-बोल्टाचे जुने लोखंडी वायसर मागून आणून ते ती झग्याच्या खालच्या पट्टीत शिवून टाकायची. "पाण्यात लाज वर नाई आली पायजे," ती म्हणायची. "पाप आलं वर तं येऊ द्या. थे पाळक पाह्यते."

पण तिचं खरं काम त्यानंतर सुरू व्हायचं. हौदाच्या काठाशी ती पदर खोचून उभी राहायची आणि बुडणारा माणूस पुरता बुडला का ते बघायची. काही वर राहिलं की तिचा हात वर जायचा आणि पाळकाला त्या माणसाला पुन्हा खाली न्यावं लागायचं. एका नवरीचा अंबाडा कोरडा राहिला म्हणून तिला दुसऱ्यांदा जावं लागलं होतं. वणीला कोळशाचा ट्रक चालवणारा आमच्यातल्याच एकाचा धिप्पाड जावई होता. त्याचं डोकं खाली गेलं की गुडघे वर यायचे आणि गुडघे दाबले की डोकं. "निम्मा ट्रक बाहीर हाय," मावशी म्हणाली. तो शेवटी खाली बसला आणि पाळकाने वरून दाबला, तेव्हा कुठे तिचा हात खाली आला.

आता या मंडळीतला माझा दर्जा सांगून टाकतो. माझे आजोबा, आईवडील, बायको, मुलगी, सगळे या हौदातून निघालेले. त्यांच्यापैकी निम्म्यांच्या वेळी हार्मोनियमवर मी होतो. मी स्वतः मात्र कोरडा. कॉलेजात इतिहास शिकवून निवृत्त झालो, केस पिकले, गुडघे गेले, पण हौदात उतरलो नाही. कोणी विचारलं की मी म्हणायचो, "श्रद्धा हा माझ्या दृष्टीने अजून चिंतनाचा विषय आहे." हे वाक्य म्हणताना मी चष्मा काढून पुसायचो. समोरचा माणूस दबून जाई आणि माझ्यावरचं संकट टळत असे. प्रभुभोजनाची भाकर बाप्तिस्मा झालेल्यांनाच मिळते; तिचं ताट माझ्यापाशी आलं की पंगतीतल्या वाढप्यासारखं मी ते शेजाऱ्याकडे सरकवायचो.

खरं कारण एवढंच होतं की मला पाण्याची भीती वाटते. अंघोळीला डोक्यावर तांब्या ओततानाही मी एक डोळा उघडा ठेवतो. त्यात पाठीमागे रेलायचं, नाक दुसऱ्याने धरायचं आणि वर कधी यायचं तेही त्यानेच ठरवायचं! मावशीने हे कधीच ओळखलं होतं. माझं चिंतनाचं वाक्य तिने एकदा शेवटपर्यंत ऐकून घेतलं आणि म्हणाली, "सर, तुमाले देवाची शंका नाई. पाळकाच्या हाताची शंका हाय." मी चष्मा पुन्हा पुसला.

मंडळीची शताब्दी जवळ आली तेव्हा इतिहास लिहायचं काम अर्थात माझ्याकडे आलं. गावात इतिहासाचा दुसरा माणूस नव्हता. मी मोठ्या थाटात पहिलं प्रकरण लिहिलं आणि त्याला 'आध्यात्मिक तहान' असं नाव दिलं. आमच्या चर्चची गंमत अशी की गोऱ्या मिशनरी साहेबाने आधी हौद बांधला आणि भिंती नंतर. बिनछपराचा तो हौद उघड्या माळावर भरून ठेवलेला असायचा. ज्या लोकांना गावच्या विहिरीवर दोर टाकायची मुभा नव्हती, त्यांच्या बायांना वाटलं की हा आपल्यासाठीच बांधलाय. त्या घागरी घेऊन आल्या. साहेबाने कुणाला हटकलं नाही. पाण्याला आलेल्या बाया हळूहळू गाणी ऐकायला थांबू लागल्या आणि मंडळी उभी राहिली. मावशीची आजी यमुनाबाई त्यांतलीच.

हे सगळं मी फार उंच भाषेत लिहिलं होतं. मावशीला वाचून दाखवलं. ती म्हणाली, "तहानच व्हती, सर. आध्यात्मिक का कायची, थे पाणी पेल्यावर समजते." थोडं थांबून तिने विचारलं, "अन् कोरड्या माणसानं हौदाचा इतिहास लिवाचा काय?"

मी हसण्यावारी नेलं. पण पुस्तकाच्या मलपृष्ठावर लेखकाचा परिचय टाकायची वेळ आली तेव्हा मंडळीचे चिटणीस वामनराव अडले. बाप्तिस्मा झाल्याशिवाय मला 'मंडळीचे सभासद' म्हणता येईना. त्यांनी पुष्कळ विचार करून शब्द सुचवला, 'मंडळीचे हितचिंतक'. लग्नपत्रिकेत ज्यांचं नक्की नातं सांगता येत नाही त्यांच्यासाठी हा शब्द असतो. तीन पिढ्या या बाकांवर बसलो आणि मी हितचिंतक? माझा अभिमान दुखावला. लोक पश्चात्तापाने देवाकडे वळतात, मी मलपृष्ठामुळे वळलो. त्याच संध्याकाळी पाळकांकडे जाऊन बाप्तिस्म्याची मागणी केली.

मावशीला सांगायला गेलो तर तिने पेटी उघडून माझ्या मापाचा झगा बाहेर काढला. माझ्या लग्नाच्या सुमारास तिने तो शिवला होता आणि माझं पोट सुटत गेलं तसतशी दर काही वर्षांनी त्याची शिवण उसवत आली होती. "आता कापडच संपलं व्हतं, बरं झालं आले," ती म्हणाली. आणि एकदम डोळ्यांना पदर लावला. माझी आई तिची जिवाची मैत्रीण होती. मला पाण्यात उतरलेलं बघायचं दोघींनी मिळून ठरवलं होतं, आणि त्यांतली एक ते न बघताच गेली होती. आपण राहिलो तेवढ्यात हे व्हावं, हा मावशीचा एकच हट्ट उरला होता.

पुनरुत्थानाच्या रविवारी, म्हणजे ईस्टरला, चर्च भरलं. आमचे पाळक नवीन होते, तरुण आणि अंगाने अगदीच किरकोळ. मी पायऱ्या उतरलो. बाहेर झाडाचं पान हलत नव्हतं, आणि हौदातलं पाणी मात्र असं गार होतं की पोटऱ्यांत गोळे आले. पाळकांनी प्रश्न विचारले, मी उत्तरं दिली. इथपर्यंत माझी मान ताठ होती. मग त्यांनी एक हात माझ्या पाठीशी लावला, दुसऱ्याने नाक धरलं, आणि छत फिरलं.

पुढचं मला नीट आठवत नाही, पण मंडळीला फार नीट आठवतं आणि कोणत्याही लग्नघरी ते सांगितलं जातं. मी खाली जाता जाता डाव्या हाताने पाळकांच्या गळ्याला मिठी मारली. उजव्या हाताने हौदाचा काठ पकडला. पाळकांचा पाय शेवाळावरून नव्हे, हौद मावशीने घासलेला होता, माझ्याच पायावरून सटकला, आणि ते माझ्या आधी तळाला गेले. वर आले तेव्हा त्यांचा चष्मा नव्हता. माझ्या बायकोने, मीनाने, तोंडावर पदर ओढून घेतला होता.  तेवढ्यात काठावरून मावशीचा आवाज आला, "पाळकसायबाचा पुरा झाला."

"आणि सरांचा?" वामनरावांनी विचारलं.

मावशीने हात वर केला. "उजवा हात बाहीर व्हता. काठाले."

पाळक खोकत खोकत म्हणाले, "पुन्हा एकदा, सर." पण मी तोवर पायऱ्या चढून मागच्या खोलीत पोचलो होतो. वायसर लावलेला झगा अंगावर असताना माणूस इतक्या चपळाईने धावू शकतो, हे त्या दिवशी सिद्ध झालं.

पंचांची बैठक बसली. वामनराव माझ्या बाजूने होते, कारण पुस्तक छापखान्यात अडकलं होतं. एक हात तेवढा राहिला तर काय बिघडलं, असं त्यांचं म्हणणं. पाळकही म्हणाले की देव मन बघतो. मावशी म्हणाली, "देव मन पाहो. माह्ं काम हात पाह्याचं. तुमी मले हौदावर कायले उभं केलं मंग?" बैठक तिथेच उठली. मी घरी बसून चडफडत होतो. आयुष्यभर पस्तीस टक्क्यांना पोरं पास केली, आणि इथे पंच्याण्णव टक्के बुडूनही मी नापास! मीनाला हे ऐकवलं तर ती म्हणाली, "पाच टक्के काठाला कशाला चिकटला होतात?"

मी चर्चला जाणं बंद केलं. पांढऱ्या केसांच्या माणसाने रुसून बसावं हे शोभत नाही, हे कळत होतं, पण रुसवा काही जाईना. रविवारी मीना एकटी जायची. हार्मोनियम बंद पडली, आणि कोणी माझी समजूत काढायला येईना म्हणून मी आणखी रुसलो.

शेवटी मावशी आली. तिचेही गुडघे गेलेले, घरी पोचेपर्यंत तिला दम लागला. ओसरीवर बसून तिने बशीत चहा ओतला. तिने माफी मागितली नाही. चहा संपवून विचारलं, "सर, पुस्तकात पयला बाप्तिस्मा कोनाचा लिवला?"

"तुमच्या आजीचा. यमुनाबाईंचा."

"कसा झाला म्हणून लिवलं?"

मी जरा घुश्शातच कागद आणून वाचलं, "'यमुनाबाईंनी हौदाच्या निर्मळ जलात संपूर्ण अवगाहन करून मंडळीचा पाया घातला.'"

मावशी इतकी हसली की बशी हातातून निसटता निसटता राहिली. "कोठचं अवगाहन, बाप्पा! पाणी गुडघाभर नव्हतं. वैशाखाचे दिवस. सकायी सकायी बायाइनं घागरी भरून नेल्या. साहेबानंच सांगतलं व्हतं ना, पाण्याले आलेल्या बाईले परत धाडाचं नाई म्हणून. मंग साहेब पुस्तक घेऊन आला, त हौदाचा तळ दिसून राह्यला व्हता. साहेबाची विहीर आटलेली. आता काय करतं? त्यानं आजीले तळाशी बसवलं न तिच्याच घागरीनं तिच्या डोक्यावर पाणी ओतलं."

मी कागद खाली ठेवला. ज्या मंडळीत अंबाडा कोरडा राहिला तर चालत नाही, त्या मंडळीचा पहिलाच बाप्तिस्मा घागरीने झालेला! इतिहासकार म्हणून मला आनंद व्हायला हवा होता. पण मावशीचं हसू आता थांबलं होतं.

"आजी मरेपर्यंत विचारे," ती म्हणाली, "माह्या झाला का नाई झाला? साहेब म्हणे झाला. त्याच्यामागचा पाळक म्हणे झाला. सगळे म्हणत, झाला, झाला, तू कायले घोर करतं. पन एकही जण म्हणे नाई का चल आजी, हौद भरू न पुन्हा करू. पयला बाप्तिस्मा खोटा ठरन म्हणून लाज वाटे सगळ्याइले. मी तिच्या उशाशी व्हती. जातानी बी थेच विचारलं तिनं." तिने बशी उपडी घातली. "म्हणून मी हौदावरून कधी हालली नाई. मी 'झाला' म्हटलं असतं त तुमी खुशीत घरी गेले असते, सर. न मंग जन्मभर आपल्या हाताकडं पाह्यत बसले असते."

मी चष्मा काढला, पण पुसला नाही. मग जे वाक्य आयुष्यात कोणालाच, बायकोलाही, सांगितलं नव्हतं, ते तोंडातून निघालं. "मला फार भीती वाटते हो, मावशी."

"थे कोनाले माहीत नाई?" ती म्हणाली. "दुसरा कोनी बुडाला का तुमची हार्मोनियम बंद पडते. तुमचाच श्वास अडकते. सारी मंडळी गाणं सोडून तुमची वाट पाह्यते." मला वाटत होतं की त्या क्षणाचं गांभीर्य म्हणून मी सूर थांबवतो असा सगळ्यांचा समज आहे.

पोळ्याच्या आधीच्या रविवारी पुन्हा फळ्या निघाल्या. पाळकांनी या वेळी चष्मा काढून वामनरावांच्या हातात दिला होता. मी पायऱ्या उतरलो, आणि पाठोपाठ पाण्याचा आवाज आला म्हणून वळून बघतो तर मावशी लुगड्याचा काच्या मारून हौदात उतरत होती. वामनराव उठून उभे राहिले. पुरुषाच्या बाप्तिस्म्याला बाई हौदात, असं कधी झालं नव्हतं.

"मावशी, हे रीतीला धरून नाही," ते म्हणाले.

"घासाले उतरली तवा कोनी रीत नाई सांगतली," ती उतरता उतरताच म्हणाली. वामनराव बसले.

ती ठेंगणी, पाणी तिच्या छातीपर्यंत आलं. तिने माझा उजवा हात आपल्या दोन्ही हातांत घेतला. "काठ नका धरू, सर. हे धरा. जितकं धराचं तितकं धरा. मी संगं खाली येतो."

पाळकांनी मला मागे रेलवलं. पाणी कानांत शिरलं, मग डोळ्यांवरून गेलं. त्या क्षणी मला काही दिव्य दर्शन वगैरे झालं नाही, आणि झालं असतं तर मी ते या वयात पदरचा मीठमसाला लावून सांगितलं असतं. फक्त दोन खरखरीत म्हाताऱ्या हातांत माझा हात होता, ते हात माझ्याबरोबर खाली आले होते, आणि मी भ्यालो नव्हतो. मला आजवर कोणी इतकं सांभाळून धरलेलं आठवत नाही.

वर आलो तेव्हा पाळक डोळे चोळत काठाकडे बघत होते. काठावर बघणारं कोणी नव्हतंच. बघणारी माझ्या शेजारी निथळत उभी होती. "आता कोण सांगणार, पुरा झाला की नाही?" वामनरावांनी विचारलं.

"मी पाह्यलं ना," मावशी म्हणाली. "खालून. डोये उघडे ठेवलते." आणि मंडळीकडे वळून तिने मोठ्याने सांगितलं, "पुरा झाला." मग माझ्या ओल्या डोक्यावरून हात फिरवला आणि लहान मुलीसारखी रडली. मीही रडलो, पण पाण्यात असल्यामुळे ते फारसं कोणाच्या लक्षात आलं नाही.

पुस्तक निघालं. पहिल्या प्रकरणाचं नाव बदलून नुसतं 'तहान' केलं आणि यमुनाबाईंची घागर आहे तशी आत घातली. पाया असा उघडा पाडायचा का, म्हणून वामनराव पुष्कळ कुरकुरले. मावशी म्हणाली, "लिवा. तिनं विचारलं व्हतं, आता सगळ्याइले माहीत तं होऊ द्या." मलपृष्ठावर मी सभासद झालो. आजवर ते मलपृष्ठ कोणी वाचल्याचं ऐकिवात नाही.

कापूस वेचणीच्या दिवसांत मावशी तापाने गेली. आजार असा फारसा झालाच नाही. आदल्या रविवारी चर्चच्या दारात तिने कोणाच्या तरी नव्या सुनेचं माप नजरेने घेतलं होतं. मंडळी दफनभूमीत जमली. आमच्यात शवपेटी दोरांवर तोलून खाली सोडतात. घरची माणसं दोर धरतात. मावशीचा नवरा आधीच गेलेला, मूलबाळ नव्हतं, म्हणून पाळकांनी मंडळीतल्या आम्हा चौघांना पुढे बोलावलं. तिच्या उजव्या हाताकडचा दोर माझ्याकडे आला. पेटी हळूहळू उतरली आणि तळाला टेकली. बाकीच्या तिघांनी आपापले दोर सोडून दिले.

"सोडा आता, सर," पाळक माझ्या कानाशी म्हणाले.

मला सोडता येईना. हात उघडतच नव्हता. माझा हात एकदा धरलं की लवकर सोडत नाही, हे त्या सगळ्या माणसांनी डोळ्यांनी पाहिलेलं होतं. कोणी हसलं नाही, कोणी घाई केली नाही. मूठभर माती हातात घेऊन अख्खी मंडळी माझ्यासाठी थांबून राहिली.